जमिनीची सूक्ष्मकंपने मोजून भूकंपातील मातीचा प्रतिसाद कसा अजमावावा

19 सप्टेंबर 1985 रोजी मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यालगत 8.0 महत्तेचा भूकंप झाला. केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीत कठीण जमिनीवर बसवलेल्या यंत्रांनी गुरुत्वीय त्वरणाच्या 3 ते 4 टक्के एवढेच कमाल त्वरण नोंदवले. त्याच शहरात, आटलेल्या जुन्या तलावाच्या चिकणमातीवरील एका यंत्राने मात्र सुमारे 17 टक्के त्वरण नोंदवले आणि तेथील जमीन दर 2 सेकंदांना एक असे हेलकावे बराच वेळ खात राहिली. इमारती कोसळल्या त्या प्रामुख्याने याच पट्ट्यात. त्यांतही साधारण 6 ते 15 मजल्यांच्या इमारतींना सर्वाधिक झळ पोहोचली, कारण त्यांच्या झुलण्याची लय मातीच्या लयीच्या जवळ होती, किंवा तडे जाऊन त्या ढिल्या झाल्यावर तिच्या जवळ येत गेली.

मातीची ही लय जाणून घेण्यासाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. एक तीन-घटकी भूकंपमापक, अर्धा-पाऊण तास आणि काळजीपूर्वक निवडलेली जागा एवढ्यावर ती बऱ्याच ठिकाणी मोजता येते. ती कशी मोजावी, आलेख कसा वाचावा आणि त्यातून कोणते निष्कर्ष काढू नयेत, हे येथे क्रमाने मांडले आहे.

लय कोठून येते

मऊ मातीचा थर कठीण खडकावर बसलेला असतो तेव्हा खालून आलेले आडवे कंप त्या थरात अडकल्यासारखे होतात. ते पृष्ठभाग आणि खडक यांच्यामध्ये पुनःपुन्हा परावर्तित होतात आणि एका ठरावीक वारंवारतेला एकमेकांना बळ देतात. हाच अनुनाद. त्याची मूळ वारंवारता काढण्याचे सूत्र साधे आहे: थरातील एस-तरंगांचा, म्हणजे माती आडवी हलवत जाणाऱ्या तरंगांचा वेग घ्यावा आणि त्याला थराच्या जाडीच्या चौपटीने भागावे. मेक्सिको सिटीतील त्या चिकणमातीत हा वेग सेकंदाला जेमतेम 75 मीटर होता आणि थराची जाडी 35 ते 40 मीटर. 75 ला 150 ने भागले की 0.5 हर्ट्झ येतात, म्हणजे 2 सेकंदांचा एक हेलकावा. नोंदीत दिसला तो हाच.

भूकंप नसतानाही जमीन सतत सूक्ष्म प्रमाणात हलत असते. साधारण 0.5 हर्ट्झच्या खालची कंपने मुख्यत्वे समुद्राच्या लाटा आणि हवामान यांच्यामुळे उठतात, तर 1 हर्ट्झच्या वरची बहुतांश कंपने वाहने, यंत्रे आणि माणसांच्या वर्दळीतून येतात. ही ऊर्जा मातीच्या थरातून जाताना त्याच मूळ वारंवारतेजवळ आडव्या दिशेने अधिक उठून दिसते, उभ्या दिशेने मात्र तेथे तशी वाढ होत नाही. म्हणून आडव्या कंपनांच्या वर्णपटाला, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे याच्या आलेखाला, उभ्या कंपनांच्या वर्णपटाने भागले की कंपनांच्या उगमाचा प्रभाव बराचसा निघून जातो आणि मातीची लय शिखराच्या रूपाने वर येते. जपानमध्ये नोगोशी आणि इगाराशी यांनी 1971 मध्ये या गुणोत्तराचा वापर मांडला आणि नाकामुरा यांच्या 1989 मधील लेखानंतर तो जगभर रुजला. हे शिखर एस-तरंगांच्या अनुनादामुळे येते की रेले या पृष्ठतरंगांच्या आकारामुळे, यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ चर्चा झाली आहे. व्यवहारात दोन्ही कारणे एकत्र काम करतात, आणि खडक व माती यांच्या वेगांत मोठा फरक असेल तर दोन्हींतून येणारी वारंवारता जवळपास एकच असते.

यंत्र

एक उभा आणि दोन आडवे असे तीन घटक मोजणारा, वेग नोंदवणारा भूकंपमापक घ्यावा. त्याची खालची मर्यादा अपेक्षित लयीपेक्षा बरीच खाली असावी. 4.5 हर्ट्झचा जिओफोन, म्हणजे छोटा कंपनमापक, पातळ थरांसाठी कामाला येतो, परंतु 1 हर्ट्झच्या आसपासची लय शोधायची असेल तर 5 सेकंदांपर्यंत किंवा त्याहून दीर्घ आवर्तनकालापर्यंत नीट प्रतिसाद देणारा सेन्सर हवा. जोरदार धक्के नोंदवण्यासाठी बनवलेले त्वरणमापक येथे टाळावेत. इतक्या सूक्ष्म हालचालीत त्यांचा स्वतःचा विद्युत गोंगाटच वरचढ ठरतो. नोंदीचा वेग सेकंदाला किमान 100 नमुने ठेवावा.

शेवटी आपण भागाकारच करणार असल्यामुळे तिन्ही घटकांची संवेदनशीलता सारखी असणे अनिवार्य आहे. एक आडवा घटक 20 टक्क्यांनी जास्त दाखवत असेल तर ती चूक थेट उत्तरात उतरते. मोहिमेच्या आधी सेन्सर एकाच जागी ठेवावा, एकदा उत्तरेकडे तोंड करून आणि एकदा 90 अंशांत फिरवून नोंद घ्यावी, आणि दोन्ही आडव्या घटकांचे वर्णपट जागा बदलल्याप्रमाणे अदलाबदल करतात का ते पाहावे. या तपासणीला अर्धा तास लागतो आणि ती न केल्यास आठवड्याचे काम वाया जाऊ शकते.

जागेवर

या कामाची खरी गुणवत्ता मैदानात ठरते. संगणकावर कितीही खटपट केली तरी चुकीच्या बसवलेल्या सेन्सरची नोंद सुधारत नाही.

शक्य असेल तेथे सेन्सर थेट जमिनीवर ठेवावा. वरचे गवत आणि पालापाचोळा बाजूला सारावा, खुरप्याने तळहाताएवढी जागा घट्ट मातीपर्यंत खरवडून सपाट करावी आणि सेन्सरचे तिन्ही पाय त्या मातीत दाबून बसवावेत. पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणल्यावर लगेच उठू नये. सेन्सरच्या डोक्यावर दोन बोटे ठेवून हलकेच दाब द्यावा आणि बुडबुडा सरकतो का ते पाहावे. सरकला तर एखादा पाय अजून पोकळ मातीवर आहे असे समजून तो पुन्हा बसवावा. फोम, पुठ्ठा, गालिचा, प्लॅस्टिकचा तुकडा अशी कोणतीही मऊ वस्तू सेन्सरखाली घालू नये. डांबर किंवा काँक्रीटवर मोजणे भाग पडले तर ते चालते, परंतु खाली मऊ माती असून वर असा कडक थर असेल तर उच्च वारंवारतांना गुणोत्तर बऱ्याच रुंद पट्ट्यात 1 च्या खाली जाते. पुढे आलेख वाचताना ही गोष्ट आठवणीत हवी, म्हणून ती नोंदवहीत लिहावी.

वारा हा या मोजणीचा मोठा शत्रू आहे. सेकंदाला 5 मीटरपेक्षा जास्त वारा असेल, आणि विशेषतः जवळ झाडे, खांब किंवा इमारती असतील, तर त्यांची मुळे आणि पाये जमिनीला ढकलत राहतात व 1 हर्ट्झच्या खालच्या भागात खोटी उंची निर्माण होते. सेन्सरवर पालथी बादली किंवा पेटी झाकावी, मात्र ती सेन्सरला टेकता कामा नये. केबलसुद्धा वाऱ्याने फडफडते, म्हणून ती जमिनीलगत सोडून तिच्यावर मूठभर माती ठेवावी. जोरदार पावसात मोजू नये. भुयारी नाले, मोठ्या जलवाहिन्या आणि तळघरे यांच्या डोक्यावरची जागा टाळावी.

यंत्र बसवल्यावर स्थिरावण्यासाठी त्याला काही मिनिटे द्यावीत आणि मगच नोंद सुरू करावी. किती वेळ नोंदवावे, हे अपेक्षित लयीवर अवलंबून असते. युरोपातील सेसमी प्रकल्पाने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना आजही या कामाचा पाया मानल्या जातात. त्यांत 1 हर्ट्झच्या लयीसाठी किमान 10 मिनिटे आणि 0.2 हर्ट्झसाठी किमान 30 मिनिटे सांगितली आहेत. लय आधी ठाऊक नसते, म्हणून सरसकट 30 ते 40 मिनिटे नोंद घ्यावी असे माझे मत आहे. खोल गाळाच्या खोऱ्यात तासभर थांबणे योग्य. या काळात यंत्राजवळ येरझाऱ्या घालू नयेत. दहा-पंधरा मीटर दूर बसून वहीत लिहीत राहावे: ट्रक किती वाजता गेला, पंप कधी सुरू झाला, कोण किती अंतरावरून चालत गेले, वारा कधी वाढला. संगणकासमोर बसल्यावर एखाद्या विचित्र शिखराचा उलगडा बहुधा या वहीतूनच होतो.

नोंदीपासून आलेखापर्यंत

प्रक्रियेसाठी जिओप्सीसारखी विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहे. तिच्यातील पायऱ्या समजून घेऊन वापराव्यात. केवळ बटण दाबून आलेल्या आलेखावर विसंबू नये. प्रथम नोंदीतून सरासरी आणि हळूहळू सरकणारा कल काढून टाकावा. मग नोंदीचे 25 ते 50 सेकंदांचे तुकडे पाडावेत आणि जवळून गेलेल्या पावलांचे किंवा वाहनांचे अचानक उसळलेले तुकडे वगळावेत. त्यासाठी छोट्या कालावधीची सरासरी, उदाहरणार्थ 1 सेकंदाची, ही 30 सेकंदांच्या सरासरीशी ताडून पाहतात. हे प्रमाण 0.2 ते 2.5 च्या दरम्यान असलेला भागच ठेवणे हा रूढ पर्याय आहे.

प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना हळूहळू शून्याकडे नेऊन तिन्ही घटकांचे फुरिये वर्णपट काढावेत. कच्चा वर्णपट काटेरी असतो, त्याला तसेच भागले तर निरर्थक शिखरे उगवतात. म्हणून भागाकारापूर्वी कोनो आणि ओहमाची यांनी 1998 मध्ये सुचवलेली स्मूदिंगची, म्हणजे वर्णपट गुळगुळीत करण्याची, पद्धत लावावी. तिच्यातील गुणांक बहुधा 40 ठेवतात. दोन्ही आडव्या वर्णपटांची भौमितिक किंवा वर्गाधारित सरासरी घ्यावी आणि तिला उभ्या वर्णपटाने भागावे. सरासरी कोणती घेतली ते अहवालात लिहावे, कारण तिच्यानुसार शिखराची उंची बदलते. सगळ्या तुकड्यांच्या गुणोत्तरांची लॉगरिदमिक सरासरी आणि प्रमाण विचलन एकाच आलेखावर काढावे.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा 30 मिनिटांच्या नोंदीतून 40 सेकंदांचे 45 तुकडे पडले, वर्दळीमुळे 9 वगळले आणि 36 उरले. शिखर 1.6 हर्ट्झवर आले आणि त्याची उंची 4.2 आहे. पहिली अट अशी की प्रत्येक तुकड्यात त्या लयीची किमान 10 आवर्तने बसावीत. 10 ला 40 ने भागले की 0.25 हर्ट्झ येतात आणि 1.6 त्याच्या कितीतरी वर आहे. दुसरी अट अशी की सर्व तुकड्यांत मिळून 200 हून अधिक आवर्तने असावीत. 40 गुणिले 36 गुणिले 1.6 म्हणजे 2304. तिसरी अट विखुरलेपणाची: लय 0.5 हर्ट्झहून अधिक असेल तर शिखराच्या निम्म्यापासून दुप्पट वारंवारतेपर्यंत प्रमाण विचलनाचा गुणक 2 च्या खाली राहावा. या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर आलेख विश्वसनीय मानावा. शिखर स्पष्ट आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी सेसमीच्या सहा कसोट्या आहेत आणि त्यांपैकी किमान पाच उतरल्या पाहिजेत. शिखराची उंची 2 हून अधिक असावी. वारंवारतेच्या चौथ्या हिश्शापर्यंत खाली आणि चौपटीपर्यंत वर जाताना दोन्ही बाजूंना कोठेतरी आलेख शिखराच्या निम्म्याहून खाली यावा. उरलेल्या तीन कसोट्या शिखर तुकड्यागणिक किती स्थिर राहते ते तपासतात.

खोटी शिखरे

गुणोत्तराचा आलेख वाचण्यापूर्वी तिन्ही घटकांचे स्वतंत्र वर्णपट शेजारी मांडावेत. ही पायरी मी एकदा वगळली होती. एका सपाट परिसरात ओळीने घेतलेल्या सर्व ठिकाणी 2 हर्ट्झवर सुंदर, टोकदार शिखर आले आणि गाळाची जाडी सर्वत्र सारखी आहे असे मी जवळजवळ लिहूनही टाकले. नंतर वर्णपट उघडले तेव्हा तेथे उभ्या घटकातही त्याच वारंवारतेला सुईसारखी रेघ दिसली. सुट्टीच्या दिवशी पुन्हा मोजले तर शिखर नाहीसे झाले होते. मिनिटाला 120 फेरे घेणारे एखादे अवजड यंत्र नेमके 2 हर्ट्झ निर्माण करते आणि त्याची कंपने दूरवर पोहोचतात.

मातीच्या लयीचा वर्णपट वेगळा दिसतो: तेथे उभा घटक शिखराच्या जागी खाली दबलेला असतो, आडवे घटक किंचित वर असतात आणि तिन्ही रेषांच्या मध्ये डोळ्याच्या आकाराची फट पडते. यंत्राची रेघ तिन्ही घटकांत टोकदार असते आणि स्मूदिंग कमी केले की ती आणखी उंच व अरुंद होते. मातीचे शिखर तसे करत नाही. शंका उरली तर त्या वारंवारतेचा अवमंदन गुणांक, म्हणजे कंपन किती लवकर विरते याचे माप, काढावा. तो 1 टक्क्याहून कमी आला तर कारण मानवनिर्मित आहे हे जवळजवळ निश्चित समजावे.

आलेख काय सांगतो आणि काय सांगत नाही

शिखराची वारंवारता हे या मोजणीचे पक्के उत्तर आहे. शिखराची उंची तसे नाही, आणि या पद्धतीचा सर्वात घातक गैरवापर नेमका येथे होतो. उंची 4.2 आली म्हणजे भूकंपात जमीन 4.2 पट हलेल, असा अर्थ मुळीच नाही. उंची ही खडक-मातीच्या वेगांतील तफावत, पृष्ठतरंगांचे प्रमाण, स्मूदिंग आणि आडव्या घटकांची सरासरी या सर्वांवर अवलंबून असते. ती जास्त असेल तर खाली तीव्र तफावत आहे एवढेच म्हणता येते. प्रत्यक्ष वाढीचा गुणक हवा असेल तर बोरचर्ट यांनी 1970 मध्ये मांडलेल्या पद्धतीने, जवळच्या खडकावरील यंत्र आणि मातीवरील यंत्र यांनी टिपलेल्या खऱ्या, लहान का होईना, भूकंपांच्या नोंदींचे गुणोत्तर काढावे, किंवा थरांचे वेग मोजून संगणकीय प्रतिरूप तयार करावे.

सपाट आलेखाचा अर्थ बहुधा खडक किंवा कठीण जमीन असा होतो. तरीही वेग खोलीनुसार हळूहळू वाढत असेल आणि तीव्र सीमा कोठेच नसेल, तर मऊ जमिनीवरही आलेख सपाट येतो. म्हणून केवळ सपाट आलेखावरून जागा सुरक्षित ठरवू नये. दोन स्पष्ट शिखरे दिसली तर दोन वेगवेगळ्या खोलींवर तफावत आहे: कमी वारंवारतेचे शिखर खोल सीमेचे, जास्त वारंवारतेचे उथळ सीमेचे. पसरट, पठारासारखे शिखर अनेकदा उतरत्या खडकाकडे निर्देश करते. तेथे आडव्या घटकांची दिशा 10-10 अंशांनी फिरवून गुणोत्तर पुन्हा काढावे. दिशेनुसार शिखर सरकत किंवा बदलत असेल तर सपाट थरांचे साधे सूत्र त्या जागी लागू होत नाही.

जाडी काढताना हीच शिस्त हवी. 1.6 हर्ट्झच्या आपल्या उदाहरणात एस-तरंगांचा सरासरी वेग सेकंदाला 180 मीटर धरला तर खडक 28 मीटरांवर येतो, 260 मीटर धरला तर सुमारे 41 मीटरांवर. वेग न मोजता जाडी सांगणे म्हणजे अंदाजाला आकड्याचा वेष चढवणे होय. म्हणून निदान एक-दोन ठिकाणी पृष्ठतरंग चाचणी करावी किंवा बोअरमधील नोंदींशी ताळा घालावा. वेग पृष्ठभागापासून खडकापर्यंतच्या संपूर्ण थराचा हवा. वरच्या 30 मीटरांचा सरासरी वेग, जो बांधकाम संहितांत जमिनीचा वर्ग ठरवण्यासाठी वापरतात, तो येथे तसाच उचलू नये. एका प्रदेशातील वारंवारता व जाडी यांचे प्रायोगिक समीकरण दुसऱ्या प्रदेशात वापरणेही टाळावे, कारण ते तेथील गाळाच्या वेगांवर बेतलेले असते.

इमारतींचा विचार करताना मजल्यांच्या संख्येला 10 ने भागले की काँक्रीट चौकटीच्या इमारतीच्या आवर्तनकालाचा ढोबळ अंदाज सेकंदांत मिळतो. 6 मजल्यांना 0.6 सेकंद, म्हणजे जवळजवळ 1.7 हर्ट्झ, आपल्या 1.6 हर्ट्झच्या मातीवर हीच इमारत सर्वात चिंतेची. हाच सेन्सर गच्चीवर ठेवून इमारतीची खरी लय मोजता येते, आणि महत्त्वाच्या इमारतीसाठी ती मोजलीच पाहिजे. मात्र सूक्ष्मकंपने अतिशय मंद असतात. जोरदार भूकंपात माती मऊ पडते, तिची लय खाली सरकते आणि ऊर्जा अधिक प्रमाणात शोषली जाते. इमारतीची लयही तडे जाताच खाली येते. त्यामुळे दोन आकडे नेमके जुळतात का एवढेच न पाहता, मोजलेल्या लयीच्या खालचा पट्टाही धोक्याचा धरावा.

एखाद्या वस्तीचा नकाशा करायचा असेल तर बिंदूंमधील अंतर भूरचनेवरून ठरवावे. सपाट गाळाच्या मैदानात काहीशे मीटर पुरतात. टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या ओढ्याच्या पात्रावर किंवा भरावाच्या कडेला दर 50 मीटरांवर मोजल्याशिवाय सीमा सापडत नाही. शेजारच्या दोन बिंदूंची लय अचानक दुपटीने बदलली तर तेथे परत जाऊन मधला बिंदू घ्यावा आणि आधीचा एक बिंदू वेगळ्या वेळी पुन्हा मोजावा. अहवालात प्रत्येक बिंदूसोबत सेन्सरचा प्रकार, जमिनीचे आवरण, वारा, तुकड्यांची लांबी व संख्या, स्मूदिंगचा गुणांक, वगळलेल्या तुकड्यांचे कारण आणि तिन्ही घटकांचे वर्णपट द्यावेत. कसोट्यांत नापास झालेले बिंदू नकाशावरून पुसून न टाकता वेगळ्या खुणेने दाखवावेत, आणि कच्ची नोंद जपून ठेवावी, म्हणजे पुढे त्या जागी बोअर घेतला गेला की आलेख नव्याने वाचता येईल.